गोल्फ कोर्स कोण आखतं आणि कसं? सांगली-साताऱ्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा मिरज तालुक्यातला. घरी ऊस आणि थोडी द्राक्षबाग. कृषीची पदवी घेतली आणि नोकरी लागली ती पुण्याकडच्या गोल्फ कोर्सवर, गवत सांभाळायची. गणपतीला गावी गेलो की आरतीचं ताट फिरून यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय रे, अजून गवतच कापतोस का?" मग साताऱ्याचे पाहुणे, कराडचे मेहुणे, सगळे सुरू होतात. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच. म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. जिथं मला बोलायला आवडतं तिथं उत्तर लांबलंय, ते सांभाळून घ्या.

गोल्फचं मैदान म्हणजे गवताचं रान. त्याला डिझायनर कशाला लागतो?

क्रिकेटची खेळपट्टी सांगलीत असो की लॉर्ड्सवर, २२ यार्डच असते. कबड्डीचं तसंच. गोल्फमध्ये नियमांनी ठरवून दिलेली मापं फार थोडी. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर चालत नाही. बाकी जमिनीचं काय करायचं, हे आखणाऱ्यावर सोडलेलं आहे. जिथून पहिला फटका मारायचा ती सपाट जागा म्हणजे टी, मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, आणि जिथं भोक असतं ती गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. टीपासून ग्रीनपर्यंतच्या या सगळ्याला मिळून एक 'होल' म्हणतात. ते ३ फटक्यांत संपवायचं, ४ की ५, हे अंतर बघून ठरतं. त्याला 'पार' म्हणतात. १८ होलची बेरीज बहुतेक ठिकाणी ७२ च्या आसपास येते.

आता हे १८ तुकडे एकाच जमिनीत असे बसवायचे की एकाचं ग्रीन संपलं की चार पावलांवर पुढची टी यावी, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या डोक्यात बसू नये, नवव्या होलनंतर माणूस फिरून क्लबहाउसपाशी यावा. सकाळी पहिल्या होलला तोंडावर ऊन नको, म्हणून ते शक्यतो पूर्वेकडे तोंड करून आखत नाहीत. शेवटचं होल पश्चिमेकडे नको, तेही त्याचसाठी. या मांडणीला राउटिंग म्हणतात आणि डिझायनरची अर्धी अक्कल तिथंच दिसते.

पण याच्याही आधी तो एक गोष्ट बघतो: पावसाचं पाणी या रानातून कुठून येतं आणि कुठून जातं. ओघळी कुठं आहेत, ओढा कुठं मिळतो, साचतं कुठं. आमचे वडील नवीन रान बघायला गेले की बांधावर न थांबता थेट खालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. चांगला डिझायनरही पहिल्या दिवशी तिथंच सापडतो. फक्त त्याच्या हातात समपातळी रेषांचा नकाशा असतो.

किती जमीन लागते?

१८ होलला साधारण १२० ते १८० एकर. पण त्यात गंमत अशी की एक ग्रीन असतं सुमारे पाच गुंठ्यांचं. १८ ग्रीन मिळून ९० गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर. दीडशे एकरांत निम्मी मेहनत आणि आमची सगळी काळजी त्या सव्वादोन एकरांत गेलेली असते.

१८ च होल का? २० का नाहीत?

दारूच्या एका बाटलीत १८ पेग बसतात म्हणून १८ होल, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट निव्वळ थाप आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला पूर्वी एक फेरी २२ होलची व्हायची. १७६४ मध्ये तिथल्या मंडळींनी सुरुवातीची चार होल जोडून दोन केली. जाताना आणि येताना तीच होल खेळायची पद्धत होती, त्यामुळे फेरी १८ वर आली. पुढं सेंट अँड्रूजचा मान इतका वाढला की सगळ्यांनी तोच आकडा उचलला.

महाराष्ट्रात कुठली मैदानं बघण्यासारखी आहेत? ती कुणी आखली?

भारतात गोल्फ आलं ते कलकत्त्याला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत ताडदेवचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी काढला. तेव्हाच्या गोऱ्यांच्या क्लबांत भारतीयांना दारातूनच परत पाठवत. इथं दोघांनाही प्रवेश होता. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. कुलाब्याच्या टोकाला सैन्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब आहे, तिथं समुद्राचा वारा हाच मोठा अडथळा. नवी मुंबईत खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोनं कोर्स उभं केलंय.

पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं कोर्स आहे. खडकवासल्याला एनडीएचं आहे. बावधनजवळ डोंगरउतारावर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. (बावधन म्हटलं की सातारकरांना वाईजवळचं बगाडाचं बावधन आठवतं, ते वेगळं.) ऑक्सफर्डचं कोर्स ऑस्ट्रेलियाच्या फिल रायन यांनी आखलं. तिथं चढउतार इतका की चालत १८ होल करणाऱ्याला सज्जनगड चढून उतरल्यासारखं वाटावं. लोणावळ्याच्या पुढं अ‍ॅम्बी व्हॅलीचं कोर्स इंग्लंडच्या डेव्हिड हेमस्टॉक यांचं. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. तेवढं पाणी उतारावरून माती न नेता खाली उतरवणं हाच तिथला खरा प्रश्न.

नाशिकला 'गोल्फ क्लब मैदान' आहे, म्हणून बरेच जण तिथं गोल्फ होतं असं समजतात. ते आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे आणि तिथं क्रिकेट चालतं. नावात तेवढं गोल्फ उरलंय.

सांगली-साताऱ्यातली माझ्या ओळखीची जी मंडळी खेळतात, ती शनिवारी पहाटे गाडी काढून पुण्याला जातात.

पीटर थॉमसन हे नाव तुम्ही सारखं घेता. ते कोण?

ऑस्ट्रेलियाचे मोठे खेळाडू. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली: १९५४, ५५, ५६, ५८ आणि ६५. भारतात खेळ वाढावा म्हणून त्यांनी मनापासून धडपड केली. १९६४ ला इंडियन ओपन सुरू झाली त्यात त्यांचा मोठा हात, आणि पहिली स्पर्धा जिंकलीही त्यांनीच. पुढं १९६६ आणि १९७६ ला परत जिंकली. नंतर ते मैदानं आखायला लागले. सत्तरच्या दशकात दिल्ली गोल्फ क्लबची फेरआखणी त्यांनी केली. बंगळुरूचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदानही त्यांचंच.

दिल्लीचं मैदान एकदा तरी बघावं. फेअरवेच्या कडेला जुने घुमट आणि मकबरे उभे, मधून मोर फिरतायत. अशा जागेत डिझायनरला हात आखडूनच काम करावं लागतं, कारण घुमट हलवता येत नाही. २०१९ मध्ये त्याच मैदानाची नवी आखणी दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेयर यांनी केली. गुरगावकडे अर्नोल्ड पामर आणि जॅक निकलस यांचीही कामं आहेत. आपल्याकडचे म्हणाल तर रणजित नंदा, विजित नंदराजोग ही नावं आहेत. मोठ्या नावाचा खेळाडू आणला की आजूबाजूचे बंगले लवकर विकले जातात, हेही त्यामागचं एक कारण. त्यातले काही डिझायनर दोनदा येऊन फोटो काढून जातात. जमिनीवर रोज उभा राहणारा त्यांचा सहायक वेगळाच असतो.

जगातला सगळ्यात हुशार डिझायनर कोण?

माझं मत विचाराल तर डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. पेशानं डॉक्टर. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत होते. तिथं त्यांनी बघितलं की बोअर शेतकरी उघड्या माळावर असे खंदक खणतात आणि जमिनीच्या उंचवट्यात असे मिसळून जातात की समोरून काही दिसतच नाही. जमीन वापरून लपायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. सातारकरांना हे वेगळं समजवायला नको. पुढं गोल्फ कोर्स आखताना त्यांनी तेच केलं: माणसानं केलेला खड्डा निसर्गानं केल्यासारखा दिसला पाहिजे. वाळूचा बंकर लांबून ग्रीनला चिकटलेला वाटतो, जवळ गेल्यावर कळतं की मध्ये वीस पावलं जागा आहे. त्या वीस पावलांच्या गैरसमजात खेळाडूचा फटका चुकतो. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल त्यांनी तिथले नामी खेळाडू बॉबी जोन्स यांच्याबरोबर आखलं, ते १९३३ मध्ये रीतसर सुरू झालं. मास्टर्स स्पर्धा तिथंच होते.

दुसरी गोष्ट मला सांगायला फार आवडते ती पीट डाय आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांची. फ्लोरिडातलं टीपीसी सॉग्रास हे मैदान दलदलीत उभं केलेलं. कामाला लागणारी चांगली वाळू नेमकी १७ व्या होलच्या जागी सापडली. ती काढत गेले, काढत गेले, आणि शेवटी तिथं मोठा खड्डा उरला. आपल्याकडं कृष्णेकाठी वीटभट्टीला माती काढून पडतो तसा. आता ग्रीन ठेवायचं कुठं? अ‍ॅलिस म्हणाल्या, खड्डा पाण्यानं भरा आणि मधे बेटावर ग्रीन ठेवा. आज ते जगातलं सगळ्यात जास्त दाखवलं जाणारं होल असेल. अंतर जेमतेम १३७ यार्ड, तरी तिथं जगातले नामी खेळाडू पाण्यात चेंडू घालतात.

बंकर कशासाठी? मुद्दाम वाळू टाकून लोकांना त्रास?

मुळात कुणी टाकली नव्हती. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर मेंढ्या चरायच्या आणि वाऱ्यापासून अंग चोरून एकाच जागी बसायच्या. बसून बसून गवत गेलं, वाळू उघडी पडली. बंकरचं मूळ असंच सांगतात. माणदेशात मेंढरं बसवलेल्या रानात तुम्ही तसली घासून गेलेली जागा बघितली असेल.

ग्रीन एवढं गुळगुळीत कसं राहतं? पावसात चिखल होत नाही?

हा माझा प्रश्न. बसा.

दिसतं ते गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं, आणि तेही बऱ्याचदा रोज. पण खरं काम खाली असतं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये एक पद्धत ठरवून दिली, ती आजही चालते. सगळ्यात खाली चर आणि त्यात सच्छिद्र पाइप, माशाच्या काट्यासारखी पसरलेली. त्यावर १० सेंटिमीटर बारीक खडी. त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. त्यावर गवत. वाळू बारीक आणि खडी तिच्याहून जाड, त्यामुळं पाणी वाळूत थोडं अडकून राहतं आणि प्रमाणाबाहेर झालं की एकदम खाली सुटतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ग्रीन म्हणजे बारा महिने वाफशात ठेवलेले पाच गुंठे.

वाळूचं महत्त्व ओळखलं ते सेंट अँड्रूजच्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी. ते १९०८ मध्ये वारले. मैदान राखणं, आखणं, खेळणं, तिन्ही एकाच माणसाकडे होतं. वाळूची ढकलगाडी ग्रीनवर चुकून उलटली आणि काही दिवसांनी तिथलंच गवत जास्त जोमानं आलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. खरं असो नसो, आम्ही आजही ग्रीनवर पातळ वाळू पसरून ब्रशनं आत घालतो.

आता माझी फजिती. सध्याच्या नोकरीच्या आधी मी एका छोट्या, नऊ होलच्या मैदानावर होतो. दुसऱ्या पावसाळ्यात चौथं ग्रीन तीन दिवस पाणी धरून बसलं. कापणीचं यंत्र घातलं तर चाकाचे ठसे उमटले, कडेनं गवत तेलकट काळपट पडायला लागलं. बुरशी. मी औषधं मारत बसलो. त्याच आठवड्यात आमचे मामा दवाखान्याच्या कामाला पुण्यात आले होते, त्यांना मैदान दाखवायला नेलं. ते चपला काढून ग्रीनवर चढले, हातातली काठी कडेला रोवली, वर काढून टोकाला लागलेला गाळ बोटावर घेतला आणि म्हणाले, "पाणी सोडलंयस कुठं?"

मी म्हणालो, खाली पाइप आहे.

"पाइप असंल. तिचं तोंड कुठाय?"

तोंड कुणालाच माहीत नव्हतं. नकाशा काढला, दोन माणसं लावली, संध्याकाळपर्यंत खणलं. पाइप व्यवस्थित होती, उतारही बरोबर होता, फक्त शेवटचं टोक ओढ्यापर्यंत न नेता ठेकेदारानं मुरमातच गाडून टाकलं होतं. वर हिरवळ लागली की खालचं कोण बघतं. आम्ही तोंड मोकळं केलं तेव्हा काळं, कुजक्या वासाचं पाणी अर्धा तास वाहत होतं. चूक ठेकेदाराची, पण वर्षभर त्या मैदानावर फिरून मी एकदाही निचऱ्याचं तोंड शोधलं नव्हतं, ही माझी. तेव्हापासून कुठल्याही नव्या मैदानावर गेलो की ग्रीन बघायच्या आधी मी ओढ्यात उतरतो.

भोक रोज वेगळ्या जागी असतं म्हणे?

खरंय. एकाच जागी ठेवलं तर भोवतालचं गवत पावलांनी मरतं. पहाटे दंव असतानाच माणूस एक गोल पात्याचं हत्यार घेऊन निघतो. नव्या जागी ते दाबून फिरवायचं, गवतासकट मातीचा नळा अलगद वर काढायचा, तोच नळा जुन्या भोकात बसवायचा आणि तळव्यानं दाबून पाणी घालायचं. चांगल्या माणसानं केलं तर अर्ध्या तासानं जुनी जागा शोधून सापडत नाही. आमच्याकडं हे काम करणारा खटाव तालुक्यातला आहे. त्याची बोटं बघून मला कलम बांधणाऱ्या माळ्यांची आठवण येते.

गवत परदेशातून आणता का?

इथं लोक हसतात. फेअरवेवरचं गवत हरळीच्या कुळातलं. तीच हरळी, जी उसात शिरली की भांगलून भांगलून बायकांचे हात दुखतात, आणि तीच जी आपण एकवीस जुड्या करून गणपतीला वाहतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रात साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या हरळीशी संकर करून नवे वाण काढले. टिफवे ४१९ फेअरवेसाठी, टिफड्वार्फ ग्रीनसाठी. या संकरित वाणांना रुजणारं बी धरत नाही. म्हणून कांड्या तोडून लावाव्या लागतात, अगदी उसाच्या लागणीसारख्या. पाच गुंठ्यांचं ग्रीन लावायचा दिवस असतो तेव्हा मला आमच्या रानातल्या आडसालीची आठवण होते, फक्त इथं सऱ्या नसतात.

आमच्या क्षारपड जमिनीवर गोल्फ कोर्स होईल का? नाहीतरी ऊस येत नाहीच.

मिरज-वाळवा-पलूस पट्ट्यातून हा प्रश्न हमखास येतो. गवत येईल. पास्पालम नावाचं समुद्रकाठचं गवत आहे, ते खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं आणि जगभरात किनाऱ्यालगतच्या मैदानांवर तेच लावतात. पण क्षारपड झालेल्या जमिनीचं मूळ दुखणं निचऱ्याचं असतं. पाणी देत राहिलो, जायला वाट ठेवली नाही, क्षार वर आले. त्यावर आपल्याकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जे करतात, तेच ग्रीनखाली करतात. माप आणि खर्च तेवढा वेगळा. मग एवढी पाइप टाकणारच असाल तर ऊसच का लावू नये? शिवाय काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर आखलेला उतार दोन वर्षांत हलतो.

पाणी किती पितं?

खोटं सांगणार नाही, भरपूर. हिशेब सोपा आहे. एका एकरावर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे २० हजार लिटर. एप्रिलच्या उन्हात दिवसाला तेवढं लागतंच. पाणी द्यायचा भाग ६० एकर धरला तर रोज १२ लाख लिटर. १२ हजार लिटरचा टँकर धरला तर रोज शंभर टँकर. जत, आटपाडी, माणमध्ये ज्यांनी टँकरच्या रांगेत घागरी ठेवल्यात, त्यांना मी याहून जास्त काय सांगू.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरायची सोय नसेल, तर दुष्काळी पट्ट्यात नवं गोल्फ कोर्स काढू नये. नव्या डिझायनरांना हे कळतं. ते हिरवा भाग कमी ठेवतात, मधला माळ तसाच सुकं गवत म्हणून राहू देतात. आणि उन्हात फेअरवे थोडं पिवळं दिसलं म्हणून बिघडत नाही. चेंडू उलट जास्त घरंगळतो. टीव्हीवर ऑगस्टा बघून सगळ्यांनाच पाचूसारखा रंग हवा असतो, ही खरी पंचाईत.

आपल्याकडं पूर्वी याला एक साधा उपाय होता. लष्करी छावणीच्या मैदानांवर पाणी नसायचं, म्हणून ग्रीनऐवजी 'ब्राउन' असत: बारीक वाळूत तेल कालवून दाबून केलेला गोल चौथरा. खेळून झालं की पोत्याचा तुकडा ओढून पावलांचे ठसे पुसायचे. दिसायला ओबडधोबड, पण पाणी शून्य.

पाचगणीच्या टेबललँडवर किंवा कासला का काढत नाहीत? आयतं पठार आहे की.

सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रश्न, आणि विचारणारा बहुतेक वेळा जागेच्या व्यवहारातला असतो.

एक तर कायदा. महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. पण कायदा बाजूला ठेवला तरी ती जमीनच त्या कामाची नाही. हे सडे म्हणजे जांभ्याचा कातळ, वर कुठं बोटभर माती, कुठं तीही नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत पाणी उभं राहतं, आणि कासची फुलं नेमकी त्यावरच जगतात. सीतेची आसवं हे निळंजांभळं फूल बघायला तुम्ही गर्दीत जाता ना, ते ओलीत बारीक जीव पकडून पोट भरणारं झाड आहे. गोल्फला हवा निचरा आणि या फुलांना हवं साचलेलं पाणी. दोन्ही एका जागी नांदणार नाहीत. दोन ट्रक माती आणि एक चर, एवढ्यावर पठाराचा तो कोपरा संपेल.

नदीकाठी, पूररेषेत? तिथं बांधकाम तसंही होत नाही.

हा त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न. जगात अनेक कोर्स पूर येणाऱ्या जमिनीवरच आहेत. पाणी आलं, गेलं, चार आठवड्यांत खेळ सुरू. पण २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते आठवा. पाणी ओसरल्यावर घराघरात जो गाळ होता, तो ग्रीनवर बसला तर वाळूची छिद्रं बुजून जातात आणि सगळं खरवडून पुन्हा लावावं लागतं. डिझायनर अशा जागी ग्रीन भराव घालून उंचावर नेतो. मग त्या भरावानं अडवलेलं पाणी कुणाच्या घरात जाईल, हे त्याला विचारायला हवं.

मैदानावर बिबट्या येतो का?

येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला होता, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या, शोधायला हत्ती आणले. शहराच्या मधोमध एवढी झाडी आणि रात्री शुकशुकाट, त्याला आणखी काय हवं. आमच्याकडं अजून तरी मोर, साळिंदर आणि रानडुकरांवरच भागलंय. रानडुकरं एका रात्रीत फेअरवे नांगरून टाकतात, बिबट्या निदान गवताला हात लावत नाही.

हा श्रीमंतांचाच खेळ ना?

सभासदत्वाचे आकडे ऐकले की हो म्हणावं लागतं. पण खेळाडू नेहमी त्याच दारातून येत नाहीत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायचे. १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली. व्यावसायिक खेळाडूंत असं करणारे ते पहिले भारतीय. त्याआधी १९६५ मध्ये बिल्लू सेठी जिंकले होते, पण हौशी म्हणून. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला. माने म्हटलं की आमचे पाहुणे लगेच "म्हसवडकर का?" विचारतात. आडनावापलीकडं मला काही माहिती नाही, खेळ मात्र बघितलाय.

या कामात आपल्या पोरांना नोकरी आहे का?

आहे. खेळाडू किंवा डिझायनर म्हणून एखाद्यालाच. पण सिंचन, यंत्रं, गवत, औषधं यात माणसं लागतात. ठिबक जोडून मोठं झालेलं पोरगं फवाऱ्यांचं जाळं आठवड्यात शिकतं. कृषी पदविका असेल तर चांगलंच. पहाटे साडेचारला उठायची तयारी पाहिजे आणि रविवार विसरायचा.

नुसतं बघायला यायचं असेल तर?

आधी फोन करून विचारा. सैन्याच्या आणि खासगी क्लबांच्या मैदानांवर ओळखीशिवाय सोडत नाहीत. सरावाच्या जागेला ड्रायव्हिंग रेंज म्हणतात. ती जिथं बाहेरच्यांना खुली आहे तिथं बादलीभर चेंडूंचे पैसे देऊन मारून बघता येतं. कॉलरचा शर्ट घाला, नाहीतर दारातच अडवतील. कुणी लांबून "फोर!" असं ओरडलं तर वर बघू नका, डोक्यावर हात घेऊन खाली वाका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये या. भर पावसात छत्री घेऊन माझ्याबरोबर एक फेरी मारा, ओढ्यात निचऱ्याची तोंडं दाखवतो. चपला चिखलाच्याच घाला.